झेलीवहिनीचे तपकिरी मोजे

माझ्या वहिनीचं या जगात एकच चित्र आहे, आणि ते तिची टिंगल करण्यासाठी काढलेलं आहे. नदीकाठी जुन्या पुस्तकांच्या पेट्या मांडून बसणाऱ्यांकडे ते अजून मिळतं. मागच्या आठवड्यात एकानं मला ते उलगडून दाखवलं आणि वर म्हणतो, "घ्या मावशी, भिंतीवर लावा. घर हसतंखेळतं राहील." मी त्याला जे उत्तर दिलं ते लिहिण्यासारखं नाही.

चित्रात एक हडकुळी बाई टेबलावर वाकून लिहिते आहे. केस सुटलेले, नाक हे लांब, बोटं शाईनं बरबटलेली. मागे चुलीवर सूप उतू चाललंय, मांजरानं भांड्यात तोंड घातलंय आणि दारात नवरा रिकामी थाळी घेऊन उभा आहे. खाली दोन ओळी छापल्या आहेत. नवरा म्हणतो, "अगं, भूक लागली." बायको म्हणते, "थांबा जरा, माझी नायिका प्राण सोडते आहे." बाईचा घागरा एका बाजूला वर गेलाय आणि पायातले मोजे दिसतात. निळेभोर मोजे.

निळेच का, तर आमच्या पॅरिसमध्ये लिहिणाऱ्या बाईला 'निळा मोजा' म्हणतात. कुणी पहिल्यांदा म्हटलं देव जाणे. एवढं म्हटलं की पुढे काही बोलावंच लागत नाही, समोरचा आपोआप हसतो.

माझ्या वहिनीनं, झेली कारोंनं, जन्मात एकही नायिका मारली नाही. कादंबरी लिहिली नाही, कविता लिहिली नाही. तिचे मोजे तपकिरी होते, जाड लोकरीचे, टाचेला रफू केलेले. ते रफू मी करायचे, म्हणून छातीवर हात ठेवून सांगते. आणि नाक चांगलं सरळ होतं तिचं.

मी उर्स्युल, तिची नणंद. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाच्या दुकानावरच्या माळ्यावर राहिले आणि पोटासाठी चित्रं रंगवली. दगडावर काढलेली चित्रं छापून आमच्या कारखान्यात यायची ती नुसती काळी. लांबलचक टेबलाला आम्ही बायका बसायचो, प्रत्येकीचा एक रंग. मी पिवळा लावायचा आणि कागद शेजारणीकडे सरकवायचा, तिनं तांबडा लावायचा, तिच्या पुढचीनं निळा. अशा किती बाया माझ्या हाताखालून गेल्या. मुठीत मावेल एवढ्या कमरेची फॅशनवाली बाई, तिला हात असतात पण ते कशासाठी असतात ते कळत नाही. पाळण्याशेजारची आई. पियानोपुढची मुलगी. आरशापुढची बाई. या सगळ्या गोड. आणि ज्या गोड नाहीत त्या हसण्यासाठी: भांडकुदळ, जाडी, म्हातारी, शिकलेली. आमच्या सां-देनी रस्त्यावर दर दुकानात गल्ल्यामागे एक बाई उभी असते. पहाटे फळ्या उघडणारी, माल मोजून घेणारी, रडणारं पोर कडेवर घेऊन गिऱ्हाइकाशी घासाघीस करणारी. ती बाई काही एकाही चित्रात माझ्यापुढे आली नाही. चित्रकार लोक काय डोळे मिटून मोजे घ्यायला यायचे दुकानात?

दुकान मोज्यांचंच होतं. आम्ही भावंडं त्र्वा गावची. बाप मागावर मोजे विणायचा आणि आम्हांला मागाखाली बसवायचा, तुटलेले धागे गाठायला. शाळेचं दार कुणी पाहिलं नाही. माझा भाऊ इसिदोर पॅरिसला आला, पाठीवर गाठोडं घेऊन दारोदार मोजे विकले, मग दुकान टाकलं आणि एका शाळामास्तरची मुलगी करून आणली. ती झेलीवहिनी. पहिल्याच हिवाळ्यात ती मला म्हणाली, "वन्सं, संध्याकाळी बसत जा माझ्याजवळ. अक्षरं काही चावत नाहीत." मी बसले. हे जे लिहिते आहे ते तिच्यामुळे.

इसिदोर बसला नाही. दुकानदाराला वेळ कुठे असतो, म्हणाला. तिनं मागे लागून लागून त्याला त्याचं नाव तेवढं शिकवलं. ते मात्र त्यानं असं घोटलं की बघणारा गार व्हावा. लफ्फेदार सही, खाली वेलबुट्टी. बाकी गडी अक्षरशत्रू. कॉफीच्या दुकानात वर्तमानपत्र उघडून बसायचा आणि दुसरं कुणी बातमी मोठ्यानं वाचेपर्यंत पान उलटायचा नाही.

मग गिरणीवाल्यांना पत्रं कोण लिहिणार? वहिनी. दिवसभर गल्ल्यावर उभं राहायचं, संध्याकाळी सूप चुलीवर चढवायचं आणि ते शिजेपर्यंत टेबलावर पत्रं. लिहायची ती इसिदोरच्या तोंडचं: 'मी मागच्या खेपेला सांगितलं होतं', 'माझा आपल्यावर विश्वास आहे', 'मी स्वतः माल तपासला'. आणि इतकं नेटकं, की त्र्वाहून येणारे लोक म्हणायचे, "कारोंसाहेब, तुमचं पत्र म्हणजे काय, वाचतच राहावं." माझा भाऊ मान तुकवायचा. जणू रात्रभर जागून त्यानंच लिहिलं होतं.

त्या दोघांची एकुलती एक मुलगी होती, नोएमी. ती मठाच्या शाळेत वाढली, सुट्टीला घरी यायची. तिलाही हे माहीत नव्हतं. बाबांचे डोळे अधू आहेत, एवढंच तिला सांगितलेलं.

इसिदोरचा एक मित्र होता, फोर्तुने देलास. व्यंगचित्रांच्या एका साप्ताहिकासाठी चित्रं काढायचा आणि गुरुवारी आमच्याकडे जेवायचा. वहिनी त्याला दोनदा वाढायची, कारण तो बारीक होता. जेवणाआधी कोपऱ्यात बसून कागदावर काहीबाही रेघोट्या मारायचा, ती समोर पत्र लिहीत असायची. आम्हांला वाटायचं, असेल गरिबाची करमणूक.

एक दिवस कारखान्यात नवीन गठ्ठा आला. मी ब्रश बुडवला, पहिला कागद ओढला आणि माझा हात थांबला. टेबल आमचं होतं. चुलीवरच्या भांड्याचा मोडका कान आमचा होता. केसांची ती बट, मान वाकवायची ती तऱ्हा. नाक तेवढं लांबवलं होतं. शेजारची म्हणाली, "काय गं, पिवळा सुकला का?" मी कागद पुढे केलाच नाही. मुकादमीणबाई आल्या.

"उर्स्युल, काम अडलंय."

"ही माझी वहिनी आहे."

"मग बरंच झालं. मोजे निळे करायचे आहेत, निळा लावणारीला सांग."

मी एप्रन सोडला, एक कागद उचलला आणि चालू लागले. गठ्ठा माझ्यावाचून रंगून झालाच, आणि दोन दिवसांत सगळ्या पॅरिसच्या दुकानांच्या काचांमागे लागला.

वहिनीनं तो कागद गल्ल्यावर पसरून पुष्कळ वेळ बघितला. मला वाटलं, आता रडेल.

"आपल्याकडे मांजर कुठाय?" ती म्हणाली. मग कागदाची घडी केली. "आणि सूप माझं कधी उतू गेलेलं नाही, वन्सं. कधीच नाही."

गुरुवारी देलास आला. काही झालंच नाही अशा थाटात टोपी खुंटीला अडकवली. वहिनीनं त्याच्यापुढे थाळी ठेवली नाही, तो कागद ठेवला.

"अहो मादाम, मी फक्त चित्र काढतो," तो म्हणाला. "खालच्या ओळी साप्ताहिकातला दुसराच माणूस लिहितो. मी तर नुसती लिहिणारी बाई काढली होती."

"आणि नाक?"

"नाक... नाकाशिवाय खपत नाही हो."

"आणि तुम्हांला ठाऊक होतं मी काय लिहीत होते ते. तुमच्यासमोर ह्यांना वाचून दाखवायची मी. मुलांच्या मोज्यांना कसर लागली म्हणून तक्रार होती ती."

तो ओठातल्या ओठात म्हणाला, "मादाम, कसर लागलेल्या मोज्यांवर कोण हसणार?"

मी त्याची टोपी उचलून त्याच्या हातात दिली. माझा भाऊ मध्ये पडला, "ताई, पाहुणा आहे तो." पाहुणा म्हणे. ज्या घरात खायचं त्याच घराची अब्रू आठवड्याच्या बाजारात मांडायची, असले पाहुणे त्याला चालत होते.

त्याला सगळंच चाललं. आमच्या रस्त्यानं चित्रातली बाई ओळखलीच होती. दुकानात पोरं यायला लागली, "बाई, निळ्या मोज्यांचा एक जोड द्या" म्हणून खिदळत पळायची. पोरांमागून मोठी माणसं आली. ती हसायची, पण हसून झाल्यावर लाजेखातर काहीतरी विकत घ्यायची. माझ्या भावाच्या हे लक्षात आलं. एका सकाळी मी खाली उतरले तर दर्शनी काचेत मधोमध ते चित्र, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या मोज्यांच्या राशी. सगळा रस्ता नाक लावून बघत होता. वहिनी आत गल्ल्यावर उभी होती, ताठ, आणि एका बाईला हातमोजे दाखवत होती. ती बाई हातमोज्यांकडे बघतच नव्हती.

त्या दिवशी मी भावाशी जे भांडले ते त्र्वाच्या मागाखालीसुद्धा भांडले नव्हते. "तुझी बायको आहे ती," मी म्हटलं, "माकडीण नव्हे."

"ताई, तुला धंदा कळत नाही."

"एक वाक्य बोल. 'ती माझी पत्रं लिहिते, मला लिहिता येत नाही.' एवढंच. सगळ्यांची तोंडं बंद होतील."

त्यानं आधी दाराकडे बघितलं, कुणी ऐकलं तर नाही ना. "लोक तिला हसतात, त्यानं काही बिघडत नाही. बाईमाणसाला हसतातच. मला हसले तर दुकान बसेल."

मी ते वाक्य स्वतःच रस्त्यावर उभी राहून ओरडणार होते. वहिनीनं माझा दंड धरला. "नाही, वन्सं. तुमच्या तोंडून नको, माझ्याही नको. त्यांच्या तोंडून आलं तर त्याला किंमत आहे." मी तिचं ऐकलं. तिच्या घरात तिचा शब्द.

त्याच वसंतात नोएमीला स्थळ आलं. नोटरी पेल्तिए यांचा मुलगा, थिओदोर. मुलगा भला होता, तो आणि नोएमी एकमेकांकडे बघायचे तेव्हा आपणच दुसरीकडे बघावं. पण नोटरीचं घर म्हणजे जिन्याला गालिचा, बोलण्यालाही गालिचा. पेल्तिएबाई आमच्याकडे आल्या, खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, "मुलगी आम्हांला पसंत आहे. पण ते चित्र आमच्याही बैठकीत पोचलंय. सुनेची आई लेखिका, हे ह्यांच्या अशिलांना कसं वाटेल? तुम्ही लेखणी खाली ठेवल्याचा शब्द दिलात तर पुढचं बोलू."

वहिनीनं इसिदोरकडे बघितलं. मीही बघितलं. खोलीत चौघंच होतो. त्यानं घसा खाकरला आणि म्हणाला, "देईल ना. का नाही देणार? छंदच तो, सुटेल."

त्या गेल्यावर वहिनी इतकंच म्हणाली, "अहो, निदान नोएमीला सांगा. तिला वाटतंय मी खरंच चोरून कादंबऱ्या लिहिते. परवा मला म्हणाली, 'आई, तुला माझ्यापेक्षा ते जास्त का?'"

"अडाण्याची मुलगी करून घेईल का नोटरी?" तो म्हणाला. "तुलाच तिचं लग्न मोडायचंय?"

त्यात तथ्य होतं, आणि तेवढं तथ्य त्याला लपायला पुरत होतं. तिनं शब्द दिला. पत्रं मग दार लावून लिहू लागली, आपल्याच घरात चोरासारखी. नोएमी तिच्याशी कामापुरतं बोलायची. आईची बोटं धरून बघायची, शाई आहे का. मी ते बघायचे आणि माळ्यावर जाऊन उशीवर बुक्क्या मारायचे.

साखरपुड्याचं जेवण पेल्तिएंच्या घरी झालं. बदक होतं, पीचची फळं होती, आणि इतके चमचे की माझा भाऊ आधी दुसऱ्यांचं बघून मग उचलत होता. वहिनी मुक्या माणसासारखी बसली होती, हात मांडीवर. जेवण संपलं, कॉफी आली आणि पेल्तिएबाईंनी मखमली पुठ्ठ्याची एक वही आणली. वही नोएमीसाठी. अशा घरांतली ही पद्धतच आहे. मुलीची वही पाहुण्यांतून फिरते, प्रत्येकानं तिच्यासाठी दोन ओळी लिहायच्या. आम्ही दुकानदार माणसं, आमच्याकडे साखरपुड्याला नाचतात. इसिदोरच्या हे ध्यानीमनी नव्हतं.

वही फिरत आली. नोटरींनी फुलांबद्दल काहीतरी लिहिलं, थिओदोरनं लाजत लिहिलं. मीही लिहिलं, 'सुखी राहा, तुझी आत्या.' मग वही माझ्या भावापुढे आली. त्यानं लेखणी उचलली, बाह्या सरसावल्या आणि ती आपली सही ठोकली, वेलबुट्टीसकट.

"वा, काय हात आहे," नोटरी म्हणाले. "आता वर दोन शब्द. बापाचे शब्द तर हवेतच."

"चष्मा विसरलो मी," इसिदोर म्हणाला.

नोटरींनी स्वतःचा चष्मा काढून पुढे केला. माझ्या भावानं तो नाकावर चढवला. मला क्षणभर, खरंच क्षणभर, वाटलं की आता बोलेल. इथे तोंड लपवायला जागाच नव्हती. बोल ना रे, एकदाच बोल.

त्यानं चष्मा काढला, हसला आणि लेखणी वहिनीपुढे धरली. "हिला लिहू द्या हो. बघा ना कशी बसली आहे, हात शिवशिवताहेत बिचारीचे."

सगळं टेबल हसलं. पेल्तिएबाई म्हणाल्या, "अहो, पण त्यांनी तर शब्द दिलाय मला." नोटरी म्हणाले, "असू दे, असू दे, आजच्या दिवस माफी. सूप काही उतू जात नाहीये." पुन्हा हशा. नोएमीनं मान खाली घातली. तिचे कान लाल झाले होते.

वहिनीनं लेखणी घेतली. लिहायला तिला वेळ लागला नाही, त्याच्या नावानं लिहायची सवय होती. सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत नेटक्या ओळी बसवल्या, शाई वाळवली आणि वही नोटरींकडे सरकवली. "वाचा," ती म्हणाली. "मोठ्यानं वाचा."

नोटरींनी कविता म्हणायचा आवाज लावला. "'माझ्या लेकीस. मला लिहिता येत नाही. आजवर माझ्या नावानं गेलेलं प्रत्येक पत्र तुझ्या आईनं लिहिलं. जग तिला हसलं, तेव्हा तिला वाचवायला माझं एक वाक्य पुरलं असतं. मी जगाबरोबर हसलो. तुझा बाप, इसिदोर कारों.'"

शेवटाकडे येता येता त्यांचा आवाज बारीक होत गेला. कुणी कप उचलेना. आणि मग पेल्तिएबाईंनी, देवाशप्पथ सांगते, टाळ्या वाजवल्या. "काय बाई कल्पना. किती विनोदी. निळा मोजा तो निळा मोजाच." सुटल्यासारखे सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं माझा भाऊ हसला. "म्हटलं नव्हतं मी? हिला रचल्याशिवाय राहवतच नाही."

म्हणजे खरं लिहून दाखवलं तरी यांच्या लेखी ती गोष्टच रचते. मी उठले होते, काय करणार होते मलाच ठाऊक नाही, कॉफीची किटली माझ्या हाताशी होती. पण नोएमी माझ्या आधी उठली. तिनं वही उचलली, टेबलाला वळसा घालून बापाजवळ गेली, कोरं पान काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. लेखणी बुडवून त्याच्या बोटांत दिली.

"बाबा, आईनं गंमत केली ना? मग माझं नाव लिहा इथे. नुसतं नाव. दुसरं काही नको."

"अगं, नंतर..."

"आत्ता लिहा."

पोरीचा आवाज चढला नाही. पण पेल्तिएबाईंचे हात टाळीच्या मध्येच थांबले. इसिदोरनं वहिनीकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघत होती आणि तिचे हात मांडीवर होते. त्यानं कागदावर मान वाकवली. लेखणी टेकवली, उचलली, पुन्हा टेकवली. मग त्याचा हात झरझर चालला, खाली वेलबुट्टीही आली.

नोएमीनं पान उजेडाकडे धरलं. त्यानं लिहिलं होतं, इसिदोर कारों.

ती बराच वेळ ते वाचत राहिली. मग वही मिटली, आईजवळ गेली, तिची शाईची बोटं हातात घेतली आणि सगळ्यांच्या देखत तिच्या पायाशी जमिनीवर बसली.